कौन्सिलच्या लेख्यांवर लेखापरीक्षकांनी मतच दिले नाही, याचा अर्थ काय घ्यावा?

थेम्सकाठ · १३ जुलै २०२५

नमस्कार मंडळी,

इंग्लंडमधील स्थानिक कौन्सिलच्या वार्षिक हिशेबांविषयी एक प्रश्न आहे. या क्षेत्रात काम करणारे किंवा केलेले कोणी येथे असतील, तर कृपया समजावून सांगावे.

आमच्या कौन्सिलने या वर्षी कौन्सिल टॅक्स, म्हणजे घरांवरचा स्थानिक कर, ४.९९ टक्क्यांनी वाढवला, म्हणजे सार्वमत न घेता जितका वाढवता येतो तितका वाढवला. करवाढीला माझा तत्त्वतः विरोध नाही. वृद्धांची देखभाल आणि विशेष गरजा असलेल्या मुलांची शाळेपर्यंतची ने-आण यांवरचा खर्च किती वाढला आहे, हे वर्तमानपत्रांतून वाचतोच. तरीही पैसे कुठे जातात ते मूळ कागदांवरून पाहावे, म्हणून कौन्सिलच्या संकेतस्थळावरील लेखे उघडले. २०२०-२१, २०२१-२२ आणि २०२२-२३ या तिन्ही वर्षांच्या लेख्यांना जोडलेले लेखापरीक्षकांचे अहवाल डिसेंबर २०२४ मधल्या एकाच आठवड्यातले आहेत आणि तिन्हींत जवळजवळ शब्दशः एकच मजकूर आहे. त्याचा आशय असा की, पुरेसा पुरावा मिळवण्यास वेळ उरला नसल्यामुळे आम्ही या लेख्यांवर मत व्यक्त करत नाही. २०२३-२४ च्या अहवालातही तेच लिहिले आहे.

शेअर बाजारात नोंद असलेल्या एखाद्या कंपनीच्या ताळेबंदावर असा शेरा आला, तर किती गदारोळ होईल! इथे मात्र ऑडिट कमिटीच्या इतिवृत्तात 'अहवालाची नोंद घेण्यात आली' एवढ्या ओळीवर विषय मिटलेला दिसतो. कौन्सिलने काही दडवले आहे असे समजावे का? लेखापरीक्षकांनी काम केलेच नाही, असे समजावे का? चार वर्षांचे हिशेब न तपासता पुढच्या वर्षाचे हिशेब तपासता येतात का? आणि सरकार ज्या सुधारणांविषयी बोलत आहे, त्यांतून काही साध्य होईल, असे या क्षेत्रातल्या लोकांना वाटते का?

ताळेबंद · १३ जुलै २०२५

मी इंग्लंडमधल्याच एका कौन्सिलच्या वित्त विभागात वार्षिक लेखे तयार करण्याचे काम करते, त्यामुळे माझे उत्तर टेबलाच्या एका बाजूचे आहे, हे लक्षात घेऊन वाचावे.

तुम्ही उल्लेखलेल्या शेऱ्याला इथे 'डिस्क्लेमर' म्हणतात. लेखे चुकीचे आहेत असा त्याचा अर्थ होत नाही आणि लेखे बरोबर आहेत असाही होत नाही. लेखापरीक्षक एवढेच सांगत असतो की, मत देण्याइतका पुरावा माझ्यापाशी जमलेला नाही. लेखे मुळातच चुकीचे चित्र दाखवतात अशी त्याची खात्री झाली असती, तर त्याने प्रतिकूल मत दिले असते, आणि एखाद्याच बाबीविषयी शंका असती, तर तेवढी बाब बाजूला ठेवून उरलेल्या लेख्यांवर मत दिले असते.

डिसेंबर २०२४ मधल्या तारखा एकसारख्या आहेत, यामागे कायदा आहे. ३० सप्टेंबर २०२४ पासून लागू झालेल्या दुरुस्ती नियमांनी २०२२-२३ पर्यंतचे सर्व प्रलंबित लेखे १३ डिसेंबर २०२४ च्या आत प्रसिद्ध करणे बंधनकारक केले, मग तपासणी कोणत्याही टप्प्यावर असो. २०२३-२४ साठी अशीच तारीख २८ फेब्रुवारी २०२५ ही होती. या तारखांना सर्वजण 'बॅकस्टॉप' म्हणतात. जिथे तपासणी अर्धवट होती किंवा सुरूच झाली नव्हती, तिथे त्या तारखेला मत न देता फाइल बंद करण्यावाचून लेखापरीक्षकापुढे मार्गच नव्हता.

हा उपाय टोकाचा वाटतो, पण आधीची स्थिती पाहावी. २०१७-१८ या वर्षाचे ८७ टक्के लेखापरीक्षण अहवाल मुदतीत आले होते. त्यानंतर हे प्रमाण दरवर्षी घसरत गेले आणि २०२२-२३ च्या लेख्यांसाठी ठरलेल्या तारखेपर्यंत कौन्सिल, पोलीस, अग्निशमन अशा ४६७ संस्थांपैकी केवळ पाच संस्थांचे परीक्षित लेखे प्रसिद्ध झाले. सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस प्रलंबित मतांची संख्या ९१८ होती, म्हणजे सरासरीने प्रत्येक संस्थेमागे जवळजवळ दोन वर्षांचे काम तुंबलेले होते.

कौन्सिलने काही दडवले आहे का, याचे उत्तर त्या एका वाक्यावरून मिळणार नाही. अहवालात मत न देण्याचा आधार सांगणारा परिच्छेद असतो. तो नीट वाचा. 'नियमांनी घातलेल्या तारखेमुळे तपासणी पूर्ण करता आली नाही' एवढेच तिथे असेल, तर तुमची कौन्सिल रांगेत सापडली, असे समजावे. सरकारनेही त्या वेळी स्पष्ट केले होते की, केवळ बॅकस्टॉपमुळे आलेल्या डिस्क्लेमरवरून कोणत्याही संस्थेविषयी प्रतिकूल ग्रह करून घेऊ नये. पण कौन्सिलने मागितलेली कागदपत्रे दिली नाहीत, खतावणी आणि बँकेचा ताळमेळ लागला नाही, मालमत्तेच्या नोंदी सापडल्या नाहीत, अशा आशयाचे काही त्या परिच्छेदात किंवा सोबतच्या अहवालात असेल, तर तो आक्षेप कौन्सिलवर आहे आणि ऑडिट कमिटीने नुसती नोंद घेऊन पुढे जाणे मला स्वतःला मान्य होणार नाही.

खतावणी · १४ जुलै २०२५

मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला होतो. इंग्लंडमधील कौन्सिल आणि रुग्णालयांचे लेखापरीक्षण करणाऱ्या एका खाजगी कंपनीत बरीच वर्षे काढून आता निवृत्त झालो आहे. हा गुंता कसा होत गेला, ते मागे जाऊन पाहिल्याशिवाय सुधारणांचे मोल कळणार नाही.

१९८३ पासून इंग्लंडमध्ये या कामासाठी ऑडिट कमिशन नावाची सार्वजनिक संस्था होती. ती लेखापरीक्षक नेमत असे, शुल्क ठरवत असे, कामाचा दर्जा पाहत असे आणि तिचे स्वतःचे परीक्षकही होते. ऑगस्ट २०१० मध्ये तत्कालीन मंत्री एरिक पिकल्स यांनी ती बंद करण्याची घोषणा केली, २०१४ मध्ये नवा कायदा आला आणि ३१ मार्च २०१५ रोजी कमिशनला कुलूप लागले. स्कॉटलंड आणि वेल्स यांनी आपापल्या सार्वजनिक लेखापरीक्षण संस्था राखल्या. इंग्लंडमध्ये सारे काम खाजगी कंपन्यांकडे गेले आणि कमिशनचे अधिकार इतक्या ठिकाणी वाटले गेले की, संपूर्ण व्यवस्थेकडे पाहणारा कोणी उरला नाही. नेमणूक एका संस्थेकडे, कामाची संहिता नॅशनल ऑडिट ऑफिसकडे, दर्जाची तपासणी फायनान्शियल रिपोर्टिंग कौन्सिल या लेखापरीक्षकांच्या नियामकाकडे आणि लेखे तयार करण्याचे नियम आणखी कोणाकडे. मुदती कोलमडू लागल्या तेव्हा प्रत्येकाकडे आपापल्या तुकड्याचे उत्तर होते.

त्यात दोन निर्णय एकमेकांवर आदळले. २०१७-१८ पासून परीक्षित लेख्यांची मुदत ३० सप्टेंबरवरून ३१ जुलैवर आणली गेली, आणि लगेच पुढच्या वर्षापासून, म्हणजे २०१८-१९ च्या नव्या कंत्राटांत, लेखापरीक्षणाचे मूळ शुल्क २३ टक्क्यांनी कमी झाले. वेळ दोन महिन्यांनी कमी आणि पैसे जवळजवळ चौथ्या हिश्श्याने कमी! शिवाय जानेवारी २०१८ मध्ये कॅरिलियन ही बांधकाम कंपनी कोसळल्यानंतर सर्वच लेखापरीक्षकांवर नियामकाची नजर कडक झाली. ती तशी व्हायलाच हवी होती. पण खाजगी कंपन्यांच्या ताळेबंदासाठी योग्य असलेली कसोटी कौन्सिलच्या ताळेबंदाला जशीच्या तशी लावली गेली, आणि आमचे तास जिथे जोखीम होती तिथे खर्च न होता जिथे नियामक प्रश्न विचारेल तिथे खर्च होऊ लागले.

याचे उदाहरण रस्त्यांचे. रस्ते, पूल, पथदिवे ही कौन्सिलची मालमत्ता ताळेबंदात असते. डांबरीकरण नव्याने केले की जुन्या थराची उरलेली किंमत ताळेबंदातून वजा करायला हवी, आणि ती बहुतेक कौन्सिल करत नव्हत्या, कारण कोणत्या थराची किती किंमत उरली आहे, याच्या नोंदी कोणाकडेच नव्हत्या. हा प्रश्न पुढे आल्यावर देशभरातील कित्येक लेखापरीक्षणे महिनोन्महिने खोळंबली आणि अखेर डिसेंबर २०२२ मध्ये सरकारला नियमांतच तात्पुरती सूट द्यावी लागली. कोणी कधी विकणार नाही अशा रस्त्याच्या पुस्तकी किमतीवर अनुभवी माणसांचे एवढे तास गेले, आणि त्याच काळात काही कौन्सिल व्यापारी इमारती, वीज कंपन्या आणि गुंतवणुकींत बुडत होत्या. क्रॉयडनने नोव्हेंबर २०२० मध्ये, थरॉकने डिसेंबर २०२२ मध्ये आणि वोकिंगने जून २०२३ मध्ये कलम ११४ खालील सूचना काढून खर्च उत्पन्नात बसत नसल्याची कबुली दिली. क्रॉयडन आणि नॉटिंगहम यांच्याबाबत लेखापरीक्षकांनी २०२० मध्येच जनहित अहवाल, म्हणजे गंभीर बाब लोकांपुढे मांडणारे स्वतंत्र अहवाल, दिले होते, हे आमच्या व्यवसायाच्या बाजूने नमूद करायला हवे.

एकदा उशीर झाला की तो स्वतःच वाढतो, हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. लेखे जितके दिवस उघडे, तितके दिवस नव्या घडामोडींचा परिणाम त्यांत घ्यावा लागतो. ३१ मार्च २०२२ या तारखेचे निवृत्तिवेतन निधीचे त्रैवार्षिक मूल्यांकन हाती आले, तेव्हा २०२१-२२ चे लेखे ज्यांचे अजून बंद व्हायचे होते, त्यांना नवे अहवाल मागवून निवृत्तिवेतनाचे आकडे बदलावे लागले, आणि आम्हाला तीच तपासणी पुन्हा करावी लागली. दरम्यान तरुण मुले-मुली हे क्षेत्र सोडून जात होती. कौन्सिलचे लेखे पाहू शकणारा अनुभवी परीक्षक एका वर्षात तयार होत नाही, आणि त्याच तुकड्यांना आधी रुग्णालयांची कामे उरकावी लागत.

ताळेबंद · १४ जुलै २०२५

खतावणी यांच्या बहुतेक म्हणण्याशी मी सहमत आहे, पण कौन्सिलचा वाटा त्यांनी सौजन्याने वगळला आहे, तो मी मांडते. काटकसरीच्या वर्षांत वित्त विभागांतून सर्वप्रथम ज्यांना निरोप दिला गेला, त्यांत वर्षअखेरीचे लेखे बांधणारे जुने जाणते लोक होते, कारण त्यांचे काम नागरिकांना दिसत नाही. त्यानंतर बाहेर आलेले कच्चे लेखे अनेक ठिकाणी इतके कच्चे होते की, रोख प्रवाहाचे विवरण ताळेबंदाशी जुळत नसे आणि इमारतींची यादी मूल्यांककाच्या यादीशी जुळत नसे. काही ठिकाणी नवी संगणक प्रणाली बसवताना जुन्या नोंदींशी असलेला दुवाच तुटला. बर्मिंगहॅममध्ये एप्रिल २०२२ मध्ये सुरू झालेल्या प्रणालीमुळे लेखे बंद करण्यात आलेल्या अडचणी सर्वज्ञात आहेत. लेखापरीक्षक नमुन्यादाखल पंचवीस बिले मागतो आणि कौन्सिलला ती शोधायला सहा आठवडे लागतात, तेव्हा उशीर कोणाच्या खात्यावर मांडायचा?

रोखठोक · १५ जुलै २०२५

एवढ्या सविस्तर उत्तरांचा माझ्या मते अर्थ असा निघतो की, रांग फार लांबली म्हणून सर्वांना न तपासता दारातून आत सोडले आणि त्याला सुधारणा म्हटले. ९१८ चा आकडा खाली आला म्हणजे ९१८ लेख्यांची तपासणी झाली असे नव्हे. याचा परिणाम केंद्रापर्यंत गेला. देशाच्या संपूर्ण सार्वजनिक क्षेत्राचे एकत्रित लेखे २०२२-२३ साठी नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी त्यांच्यावर प्रथमच मत देण्यास असमर्थता दर्शवली, आणि त्याचे कारण इंग्लंडमधील कौन्सिलची विश्वासार्ह माहिती उपलब्ध नव्हती, हे होते. सामान्य करदात्याने याला प्रगती का म्हणावे?

खतावणी · १५ जुलै २०२५

प्रगती म्हणू नये. शस्त्रक्रिया म्हणावे, तीही भूल न देता केलेली. पर्याय असा होता की, २०२५ साली परीक्षकांनी २०१९-२० ची बिले चाळत बसावे आणि चालू वर्षाकडे कोणी पाहू नये. जुन्या वर्षांची तपासणी शिळी झाली की तिचा उपयोग इतिहासकाराला होतो, नागरिकाला होत नाही. म्हणून तारीख घालून जुने बंद करण्याच्या निर्णयाला मी अजूनही समर्थन देतो. माझा आक्षेप निराळा आहे. पुढचे काम किती अवघड आहे, हे लोकांना सांगितलेच गेले नाही.

थेम्सकाठ यांनी विचारले आहे की, मागची वर्षे न तपासता पुढचे वर्ष तपासता येते का. तपासता येते, पण अर्धेच. या वर्षाचा खर्च, या वर्षीचे उत्पन्न, ३१ मार्चची बँकेतील शिल्लक, कर्जे आणि निवृत्तिवेतनाचे दायित्व यांची तपासणी मागच्या वर्षांवाचून होऊ शकते, कारण त्यांचा पुरावा बाहेरून मिळतो. राखीव निधीचे तसे नाही. आज दिसणारी राखीव निधीची रक्कम ही मागच्या प्रत्येक वर्षाच्या शिलकीची बेरीज आहे, आणि त्यांतली चार वर्षे न तपासलेली असतील, तर आरंभीच्या शिलकेवर हात ठेवून कोणीही शपथ घेऊ शकत नाही. कौन्सिलच्या लेख्यांत ही अडचण दुप्पट होते, कारण तिथे खर्चासाठी वापरता येणारा राखीव निधी आणि केवळ हिशेबी समायोजनाचा राखीव निधी असे दोन कप्पे असतात. दोन्हींची बेरीज बरोबर आहे हे सिद्ध झाले, तरी कोणत्या कप्प्यात किती, हे वर्षागणिक नोंदी तपासल्याशिवाय कळत नाही. आणि नागरिकाला जाणून घ्यायचे असते ते नेमके हेच, की वापरता येण्याजोगे पैसे किती उरले आहेत.

म्हणून बॅकस्टॉप एका तारखेवर न थांबता तारखांची साखळी करण्यात आली. २०२४-२५ साठी २७ फेब्रुवारी २०२६, २०२५-२६ साठी ३१ जानेवारी २०२७, त्यानंतरच्या दोन वर्षांसाठी अनुक्रमे ३० नोव्हेंबर २०२७ आणि ३० नोव्हेंबर २०२८. या काळात परीक्षक दरवर्षी थोडा थोडा पुरावा परत उभा करतील, अशी कल्पना आहे. नॅशनल ऑडिट ऑफिसने त्यासाठी मार्गदर्शक सूचनाही दिल्या आहेत. ज्या कौन्सिलला एकाच वर्षाचा डिस्क्लेमर मिळाला आहे, ती लवकर बाहेर येईल. तुमच्यासारख्या चार वर्षे अडकलेल्या कौन्सिलला आणखी काही वर्षे डिस्क्लेमर दिसले, तर मला आश्चर्य वाटणार नाही. मधल्या अहवालांचा मजकूर मात्र बदलत जायला हवा. तो दरवर्षी जसाच्या तसा राहिला, तर काम पुढे सरकत नाही असे खुशाल समजावे.

ताळेबंद · १५ जुलै २०२५

रोखठोक यांच्या प्रश्नाला आणखी एक उत्तर आहे. मत न देण्याची मुभा लेख्यांपुरती होती. सार्वजनिक पैशाचा योग्य मोबदला मिळावा यासाठी कौन्सिलने काय व्यवस्था केली आहे, याविषयी लेखापरीक्षकाला दरवर्षी स्वतंत्र भाष्य करावे लागते. २०२० च्या संहितेपासून हे भाष्य आर्थिक टिकाऊपणा, कारभार आणि सेवांची कार्यक्षमता या तीन अंगांनी लिहिले जाते आणि लेखापरीक्षकाच्या वार्षिक अहवालात छापले जाते. जुन्या वर्षांचे भाष्य अनेक ठिकाणी एकत्र करून थोडक्यात उरकले गेले, हे खरे. पण अलीकडच्या वर्षांचे भाष्य साधारणतः वाचण्याजोगे असते. अडीचशे पानांचे लेखे वाचण्यापेक्षा हे तीस-चाळीस पानांचे भाष्य वाचल्याने तुमच्या कौन्सिलची तब्येत अधिक कळेल. त्यात 'लक्षणीय उणीव' असा शब्दप्रयोग आहे का आणि मागच्या वर्षीची शिफारस या वर्षी पुन्हा आली आहे का, एवढे आधी पाहावे.

सुधारणांविषयी माझे मत सावधपणे आशावादी आहे. सर टोनी रेडमंड यांनी सप्टेंबर २०२० मधल्या अहवालात संपूर्ण व्यवस्थेला एकच सूत्रधार हवा असे सांगितले होते, आणि तत्कालीन सरकारने ते त्या स्वरूपात स्वीकारले नाही. डिसेंबर २०२४ च्या धोरणात लोकल ऑडिट ऑफिस नावाची संस्था उभारण्याचे ठरले आणि गेल्याच आठवड्यात, १० जुलै रोजी, संसदेत मांडलेल्या विधेयकात तिची तरतूद आली. नेमणुका, संहिता आणि दर्जावरील देखरेख तिच्याकडे येणार आहे, आणि काही प्रमाणात सार्वजनिक क्षेत्रातील स्वतःचे परीक्षकही तयार व्हावेत असा हेतू आहे. म्हणजे २०१० मध्ये जे मोडले, त्यातले बरेचसे पुन्हा जोडले जाईल. शुल्काचा प्रश्न आधीच सुटू लागला होता. २०२३-२४ पासूनच्या कंत्राटांत ते साधारण दीडशे टक्क्यांनी वाढले, आणि तो बोजा अर्थातच करदात्यांवर आहे.

मला काळजी वाटते ती लेख्यांच्या स्वरूपाची. या वर्षी भाडेपट्ट्यांचा नवा हिशेबी नियम लागू झाल्याने आमच्या लेख्यांत आणखी पानांची भर पडली, आणि ती पाने ऑडिट कमिटीच्या सदस्यांपैकी कितीजण वाचतील, याविषयी मी न बोललेले बरे. लेखे सोपे केल्याशिवाय नव्या संस्थेला जुनीच रांग सांभाळत बसावे लागेल. त्यात अनेक जिल्हा कौन्सिल विलीन होऊन नव्या एकस्तरीय कौन्सिल होणार आहेत. जिचे चार वर्षांचे लेखे अपरीक्षित आहेत, ती कौन्सिल दुसरीत मिसळली की दोघींचे आरंभीचे आकडे एकाच वेळी संशयास्पद होतात.

थेम्सकाठ · १६ जुलै २०२५

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. ताळेबंद यांनी सांगितल्याप्रमाणे आधाराचा परिच्छेद पुन्हा वाचला. २०२०-२१ आणि २०२१-२२ साठी केवळ नियमांतील तारखेचा उल्लेख आहे, परंतु २०२२-२३ च्या सोबतच्या अहवालात कौन्सिलच्या मालमत्ता नोंदवहीविषयी दोन वाक्ये आहेत. त्याविषयी एक सामान्य रहिवासी म्हणून मी काही विचारू शकतो का? माझे नागरिकत्व अजून भारतीय आहे, त्यामुळे मला हा अधिकार आहे की नाही, हेही ठाऊक नाही.

खतावणी · १६ जुलै २०२५

अधिकार आहे, आणि तुम्ही अगदी योग्य वेळी विचारले आहे.

२०१४ च्या कायद्याच्या कलम २६ नुसार, हितसंबंध असलेल्या कोणत्याही व्यक्तीला त्या वर्षाचे लेखे आणि त्यांच्याशी संबंधित हिशेबवह्या, करार, बिले, प्रमाणके कौन्सिलच्या कार्यालयात पाहता येतात आणि त्यांच्या प्रती घेता येतात. २०१७ पासून पत्रकारांनाही हा अधिकार मिळाला आहे. कर्मचाऱ्यांची वैयक्तिक माहिती आणि काही व्यापारी गुपिते यांतून वगळलेली असतात. लेखापरीक्षकाला थेट प्रश्न विचारणे आणि कलम २७ खाली लेखी आक्षेप नोंदवणे, हे मात्र स्थानिक मतदाराचे अधिकार आहेत. भारतीय नागरिक राष्ट्रकुलाचे नागरिक असल्यामुळे, वैध वास्तव्य परवाना असेल तर त्यांना येथील मतदार यादीत नाव घालता येते. आपल्या लोकांपैकी बरेच जण ते घालत नाहीत. तुमचे नाव यादीत असेल, तर तुम्ही याबाबतीत जन्माने ब्रिटिश असलेल्या शेजाऱ्याच्या बरोबरीचे आहात.

यासाठीचा कालावधी तीस कामकाजाच्या दिवसांचा असतो. २०२४-२५ चे कच्चे लेखे प्रसिद्ध करण्याची मुदत ३० जून होती, त्यामुळे बहुतेक कौन्सिलचा कालावधी आत्ता चालू आहे आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास संपेल. नेमकी तारीख तुमच्या कौन्सिलच्या जाहीर सूचनेत असते. बंद झालेल्या २०२२-२३ वर आता आक्षेप घेता येणार नाही, परंतु मालमत्ता नोंदवही दरवर्षी पुढे चालत येते, म्हणून तुमचा प्रश्न २०२४-२५ च्या लेख्यांशी जोडून विचारा. नोंदवहीत आणि लेख्यांतील टिपेत जमीन व इमारतींची बेरीज एकच आहे का, नसेल तर फरक कशाचा आहे, आणि शेवटची प्रत्यक्ष पडताळणी कधी झाली, एवढे तीन प्रश्न पुरेत.

आक्षेपाचे हत्यार एवढ्यासाठी काढू नये, असा माझा सल्ला राहील. आक्षेप म्हणजे एखादी नोंद बेकायदेशीर आहे किंवा जनहित अहवाल द्यावा इतकी बाब गंभीर आहे, असे कारणांसह लेखी म्हणणे, आणि त्याची प्रत कौन्सिललाही द्यावी लागते. क्षुल्लक, त्रास देण्यासाठी केलेले किंवा चौकशीचा खर्च बाबीच्या मानाने फार होईल असे आक्षेप विचारात न घेण्याचा अधिकार लेखापरीक्षकाला आहे. आमच्या काळात रागाच्या भरात लिहिलेले कितीतरी आक्षेप येत, आणि ते निकाली निघेपर्यंत त्या वर्षाचे प्रमाणपत्र अडकून राहत असे. म्हणजे विलंबाविरुद्धची तक्रारच विलंबात भर घालत असे.

ताळेबंद · १६ जुलै २०२५

याला एक पुरवणी जोडते. कागद पाहायला येणाऱ्यांची संख्या इतकी कमी असते की, आमच्याकडे कोणी आले तर विभागात कुतूहलच वाटते. तेव्हा आधी ईमेल करून काय पाहायचे आहे ते नेमके कळवा. 'सर्व बिले दाखवा' असे लिहिले की दोन्ही बाजूंचा वेळ जातो. जोडीने ऑडिट कमिटीच्या बैठकीत नागरिकांच्या प्रश्नांसाठी वेळ राखलेला असतो का, ते कौन्सिलच्या घटनेत, म्हणजे तिच्या कारभाराच्या नियमावलीत, पाहा. अनेक कौन्सिल अशी वेळ देतात, मात्र प्रश्न काही दिवस आधी लेखी द्यावा लागतो. अध्यक्षांना हे विचारा की, डिस्क्लेमरमधून बाहेर येण्यासाठी लेखापरीक्षकांशी वर्षनिहाय आराखडा ठरला आहे का आणि त्यात कौन्सिलने कोणते कागद कोणत्या महिन्यात द्यायचे आहेत. असा आराखडा असेल, तर तो कमिटीपुढे ठेवण्यात कोणालाच अडचण नसावी.

रोखठोक · १७ जुलै २०२५

आमच्या गावाची पॅरिश कौन्सिलही यात येते का? तिच्या अहवालात एकच पान दिसते.

ताळेबंद · १७ जुलै २०२५

नाही. वार्षिक उत्पन्न किंवा खर्च ठरावीक मर्यादेहून अधिक नसलेल्या लहान संस्थांचे संपूर्ण लेखापरीक्षण होत नाही. एका ठरावीक नमुन्यातल्या विवरणपत्राचा मर्यादित आढावा घेतला जातो, आणि २५ हजार पौंडांपर्यंतच्या बहुतेक लहान संस्था त्यातूनही सूट घेऊ शकतात. तुम्ही पाहिलेले पान बहुधा त्या आढाव्याचे असेल. विवरणपत्रातील अंतर्गत परीक्षकाच्या पानावर ज्या चौकटींत 'नाही' अशी खूण असेल, त्यांची कारणे पॅरिशच्या लिपिकाकडे मागा. लेखे आणि कागद पाहण्याचा अधिकार तिथेही आहे, आणि तिथले कागद बहुधा एका संध्याकाळीच वाचून होतात.